फोटोची फ्रेम आणि माउंट : गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न

वडिलांच्या काळी आमच्या दादरच्या दुकानात मुख्यत्वे देवांच्या तसबिरी व्हायच्या. आता निम्म्याहून जास्त काम फोटोंचं असतं : लग्नाचे, आजी-आजोबांचे, हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनाचे. काउंटरवर रोज तेच प्रश्न येतात आणि घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत. फ्रेम कुठूनही करून घ्या, पण करताना दोन गोष्टी धरून ठेवा. उद्या फ्रेम उघडून फोटो जसाच्या तसा बाहेर काढता आला पाहिजे. आणि मुंबईत फोटोचा खरा वैरी दमटपणा आहे, धूळ नव्हे.

फोटो सरळ काचेला टेकवून फ्रेम केला तर काय बिघडतं?

कोरड्या गावात बरीच वर्षं काही बिघडणार नाही. मुंबईत बिघडतं. स्टुडिओत धुतलेल्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. जून ते सप्टेंबर हवेत ओलावा भरलेला असतो, तेव्हा हे जिलेटिन तो शोषून फुगतं, मऊ पडतं आणि काचेला चिकटतं. पाऊस संपला की तसंच सुकतं. दोन-चार पावसाळ्यांनी फोटोवर तेलकट, चकचकीत डाग दिसू लागतात. जिथे जिथे काच चिकटली तिथे तिथे ते असतात. चकचकीत फोटोंत हे लवकर होतं, मॅटमध्ये जरा उशिरा. काच आणि फोटो यांत हवेची फट ठेवणं हा त्यावरचा उपाय. माउंट म्हणजे फोटोभोवतीचा, मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा. त्याचं पहिलं काम हेच, शोभा नंतर.

माउंट किती रुंद घ्यावा?

 माउंटचा नेहमीचा बोर्ड साधारण दीड मिलिमीटर जाड असतो, दुप्पट जाडीचाही मिळतो. मोठ्या फोटोला जाडच घ्या, कारण मोठी काच मध्यभागी थोडी वाकते आणि पातळ माउंटची फट तिथेच संपते.

रुंदीचा हिशेब १२×१८ इंचाच्या फोटोवर सांगतो. चारही बाजूंना अडीच इंच माउंट धरला तर काच १७×२३ इंचाची होते. खिडकी मात्र १२×१८ची कापायची नाही, नाहीतर फोटो आरपार निसटेल. प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर फोटो माउंटखाली जायला हवा, म्हणून खिडकी पावणेबारा बाय पावणेअठरा इंचाची होते. फोटोच्या कडेला काही महत्त्वाचं असेल, म्हणजे कुणाचा हात किंवा छायाचित्रकाराची सही, तर छापतानाच पांढरी कड सोडायला सांगा. खालची पट्टी वरच्यापेक्षा अर्धा इंच जास्त ठेवली तर डोळ्याला बरं वाटतं. सारखी ठेवली तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं.

एक आग्रह : फोटो छोटा असला तर माउंट कंजूषपणे घेऊ नका. ४×६चा जुना फोटो तीन इंच पांढऱ्या माउंटात ठेवून पाहा. कपाटात पडून राहिलेला फोटो घरातल्या भिंतीवर सगळ्यात आधी नजरेत भरतो. रंगीत माउंट शक्यतो टाळा. फोटोतल्या साडीला जुळणारा लाल बोर्ड पहिल्या दिवशी छान दिसतो, नंतर फोटोआधी बोर्डच दिसत राहतो.

फोटो कशाने चिकटवायचा?

शक्यतो चिकटवूच नका, धरून ठेवा. छोट्या-मध्यम फोटोला चार कोपरे पुरतात. हे पारदर्शक पॉलिस्टरचे किंवा ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या, कागदाचे त्रिकोणी खिसे असतात, तेच मागच्या बोर्डाला चिकटतात. फोटोला गोंदाचा थेंबही लागत नाही. फ्रेम उघडली की फोटो खिशातून सरकवून काढायचा.

कापडासारख्या जाड कागदावरचे, म्हणजे फायबर किंवा कॉटन कागदावरचे, प्रिंट वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्यांनी टांगता येतात. त्यासाठी जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लागते. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, खाली बसलेला चीक घेतात ना, त्याच जातीचा हा पदार्थ. पाण्याने सुटतो, म्हणून कागदी कलाकृती सांभाळणारे लोक त्यावर विश्वास ठेवतात. मैद्याची खळ मात्र नको : त्यात गव्हाचा चिकटा (ग्लुटेन) राहतो आणि कसर तिच्यावर तुटून पडते. प्लास्टिकचा थर असलेल्या आरसी कागदावर ही खळ नीट धरत नाही, तिथे कोपरेच वापरा. बिजागऱ्या वरच्याच कडेला लावायच्या. चारही बाजूंनी जखडलेला कागद ओलावा आला की फुगायला जागा शोधतो, ती मिळाली नाही की लाटा येतात.

सेलोटेप, दुहेरी चिकटपट्टी, फेव्हिकॉल, रबर सोल्युशन यांतलं काहीही मूळ फोटोला लावू नका. सेलोटेपचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग टेप निघाली तरी डाग निघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या फोटोंपैकी सगळ्यात जास्त नासाडी वाळवीने नाही, सेलोटेपने केलेली असते.

सनबोर्डवर पेस्टिंग किंवा लॅमिनेशन करून घेऊ का? स्वस्त पडतं.

पुन्हा छापता येणारा फोटो असेल तर खुशाल करा. वाढदिवसाचा बोर्ड, ऑफिसातला नकाशा, दोन दिवसांच्या कार्यक्रमाची पॅनेल्स, या कामांना सनबोर्ड उत्तम. पण सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी, आणि पीव्हीसी काळाच्या ओघात आम्ल सोडतं. एमडीएफच्या पाटीवर चिकटवून वर प्लास्टिकचा थर मारलेला, कडा तिरक्या कापलेला ‘लॅमिनेटेड फोटो’ तुम्ही घरोघरी पाहिला असेल. त्यातून फोटो परत काढण्याचा मार्ग नाही. एमडीएफला भिंतीची ओल लागली की ती बिस्किटासारखी फुगते आणि फोटोही तिच्याबरोबर जातो. एकुलत्या एक फोटोचं लॅमिनेशन करायला कुणी आलं तर मी आधी स्कॅन करून प्रत छापायला सांगतो आणि प्रतीचं काम घेतो. काही जण नाराज होऊन जातात. चालेल.

२०×३०च्या पुढचे मोठे प्रिंट नुसत्या कोपऱ्यांवर झोळीसारखे लोंबतात. तिथे मी तडजोड मान्य करतो. फाइल सुरक्षित असेल, कागद नवा असेल, तर ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलवर थंड पद्धतीने चिकटवून घ्या. इमारतींच्या दर्शनी भागाला लावतात तीच ही एसीपी शीट : सपाट राहते आणि पाणी पीत नाही. गरम प्रेसमध्ये उष्णतेने चिकटणारा टिश्यू घालून चिकटवण्याची जुनी पद्धत कृष्णधवल फायबर प्रिंटला शोभते, इंकजेट प्रिंटला ती उष्णता सोसेलच असं नाही.

‘ॲसिड-फ्री’ बोर्डाला जास्त पैसे का द्यायचे?

स्वस्त पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन हवा-उजेडाने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि ते शेजारच्या कागदात झिरपतं. जुन्या फ्रेममध्ये माउंटच्या खिडकीची तिरकी कड तपकिरी झालेली दिसते, आणि माउंट उचलला की त्याच रेषेवर फोटोवरही तपकिरी चौकट असते. हा भाजल्यासारखा डाग जात नाही. कापसाच्या धाग्यांचा बोर्ड सगळ्यात चांगला, त्याच्या खालोखाल लिग्निन काढलेला. फोटोसाठी घेताना एवढंच विचारा : ‘आयएसओ १८९१६’ची चाचणी झाली आहे का? बोर्डाचा फोटोच्या थरावर काही परिणाम होतो का, ते ही चाचणी तपासते. नुसतं ‘ॲसिड-फ्री’ लिहिलेलं पुरेसं नसतं.

आणि पैसे वाचवायचेच असतील तर फ्रेमच्या पट्टीत वाचवा. फोटोच्या पुढे-मागे जे टेकतं तिथे नको. पुष्कळ जण नेमकं उलट करतात : सोनेरी नक्षीची पट्टी आणि पाठीमागे बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा.

काच की ॲक्रिलिक?

दोन मिलिमीटरची काच एका चौरस मीटरला ५ किलो भरते, तेवढंच ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, साधारण २.४ किलो. म्हणजे २०×३० इंचाच्या फ्रेममध्ये फक्त काचेचंच वजन दोन किलोच्या आसपास. लोकलने न्यायची असेल, पलंगाच्या डोक्याशी किंवा लहान मुलांच्या खोलीत लावायची असेल तर ॲक्रिलिक घ्या. त्याला ओरखडे लवकर पडतात आणि पुसताना ते धूळ ओढतं. अमोनिया असलेला काच पुसायचा द्राव त्यावर वापरू नका, बारीक तडे जातात. काच असो वा ॲक्रिलिक, द्राव नेहमी फडक्यावर मारायचा. काचेवर मारला की ओघळ, पट्टीत काच बसते त्या खालच्या खाचेतून आत जातो आणि माउंट ओलं होतं.

‘नॉन-रिफ्लेक्टिव्ह’ म्हणून मिळणारी खरबरीत काच चमक घालवते, पण माउंटच्या फटीमुळे फोटो धूसर दिसतो, म्हणून मी ती सुचवत नाही. थर दिलेली म्युझियम ग्लास महाग असते. तिच्यातून काच आहे की नाही हेच कळत नाही, आणि ती बहुतेक सगळे अतिनील किरण अडवते. घरातल्या एखाद्याच मोलाच्या फोटोसाठी हा खर्च करा. मात्र ती लावली म्हणून फोटो उन्हात टांगायची मुभा मिळत नाही. दिसणारा उजेडही रंग उडवतो.

पट्टीचा भाव फुटावर लावता, पण फूट जास्त का मोजता?

कोपरे ४५ अंशात कापले की प्रत्येक बाजूला पट्टीच्या रुंदीइतका तुकडा दोन्ही टोकांना लागतो. म्हणून काचेचा घेर अधिक पट्टीच्या रुंदीची आठपट. वरच्या १७×२३च्या काचेचा घेर ८० इंच, पट्टी एक इंच रुंद, म्हणून ८८ इंच, म्हणजे ७ फूट ४ इंच. कापताना थोडी वाया जाते ती वेगळी. तुमच्या फ्रेमवाल्याचा हिशेब याच्या खूप पुढे गेला तर जरूर विचारा.

सिंथेटिक पट्टी पॉलिस्टायरिनची असते. तिला वाळवी लागत नाही, ओल लागत नाही, दमट घरात ती टिकते. पण ती वाकते, मोठ्या काचेचं वजन तिला देऊ नये. सागवान टिकाऊ आहे. कुठलंही लाकूड असलं तरी त्यातून आम्लाचा अंश बाहेर येतोच, म्हणून खाचेच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमची टेप लावून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

कालच प्रिंट काढला, आज फ्रेम करून द्याल का?

इंकजेट असेल तर नाही. शाईतले द्रव पदार्थ हळूहळू उडत असतात. लगेच बंद केलं की काचेच्या आतून धुरकट थर बसतो. प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवून एक-दोन दिवस राहू द्या, पावसाळ्यात जास्त. कागद लाटेसारखा झाला तर बदला.

मग पावसाळ्यात फ्रेम करूच नये का?

घाई नसेल तर दिवाळीनंतर या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आमच्या धंद्याचे खरे चांगले महिने. पुठ्ठा, लाकूड, कागद हे सगळे पाणी धरतात. जुलैत फ्रेम बंद केली तर जुलैची हवा आत कोंडली जाते. करावीच लागली तर फोटो, माउंट, पाठीचा बोर्ड हे सगळं एसी चालू असलेल्या खोलीत दिवसभर उघडं ठेवून मगच बंद करावं. सिलिका जेलच्या पुड्या फ्रेमच्या मागे खोचू नका : फ्रेम हवाबंद नसते, पुडी काही दिवसांत भरून जाते आणि मग नुसतीच पडून राहते.

घरात कुठल्या भिंतीवर लावू?

आधी कुठे लावू नये ते सांगतो. बाथरूमला लागून असलेली भिंत, पोपडे आलेली भिंत, पाऊस थेट आपटतो ती बाहेरची भिंत, स्वयंपाकघर, आणि दुपारचं ऊन येतं ती जागा. मुंबईच्या पावसाचा मारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती आधी ओलावतात. घरातल्या दोन खोल्यांमधली भिंत सगळ्यात सुरक्षित.

मग फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत बोटभर हवा खेळेल. जुन्या घरांत दारावरच्या तसबिरी पुढे झुकलेल्या असायच्या, आठवतं? खालची कड लाकडी पट्टीवर, वरची दोरीने ओढलेली. खालून बघणाऱ्याला देव नीट दिसावेत म्हणून ते होतं, पण त्यामुळे मागे हवाही राहायची. त्या तसबिरींतल्या कितीतरी अजून शाबूत आहेत. भिंतीला चपखल बसवलेल्या फ्रेमला ते भाग्य नसतं.

टांगायला दोन कड्या, वरून एक तृतीयांश अंतरावर, आणि भिंतीत दोन खिळे. एका खिळ्यावरची फ्रेम लोकलच्या हादऱ्याने रोज थोडी तिरकी होते. रुळांशेजारच्या घरांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. काँक्रीटच्या भिंतीत ड्रिल करून प्लग आणि स्क्रू घाला.

आजोबांच्या तसबिरीला रोज हार घालतो, कुंकू लावतो. फोटो खराब होईल का?

होतो, आणि यावर कुणी बोलत नाही. ओल्या झेंडूचा हार वरच्या कडेवरून लोंबतो, पाणी पट्टी आणि काच यांच्या सांध्यात उतरतं. बरोबर हाराच्या वाकणाखाली, बहुतेक वेळा चेहऱ्यावर, डाग पडतो. गंध-कुंकवाचा ओला ठिपका ओघळून खालच्या खाचेत साचतो. अगरबत्तीचा धूर काचेवर राहतो, पण मागचा कागद फाटलेला असेल तर आतही जातो.

प्रथा मोडायला मी सांगणार नाही. माझ्या घरीही वडिलांच्या फोटोला हार असतो. तसबिरीत प्रत ठेवा, मूळ फोटो सपाट डब्यात ठेवा. हार काचेवर न टेकवता वर भिंतीत दोन वेगळे खिळे मारून त्यांवर घाला. पाणी झटकून घाला आणि संध्याकाळी उतरवा. चंदनाचा किंवा कापडी हार असेल तर प्रश्नच मिटतो. कुंकू ओलं न लावता कोरडं, बोटाने, काचेच्या मधोमध लावा. तेराव्याच्या घाईत केलेली फ्रेम तात्पुरती समजा आणि पुढच्या हिवाळ्यात नीट करून घ्या.

फोटोवर पांढरे ठिपके आलेत / फोटो काचेला चिकटलाय. काय करू?

ठिपके बहुधा बुरशीचे. जिलेटिन हे तिचं अन्न. ओल्या फडक्याने पुसलं तर मऊ झालेला थर बुरशीसकट निघून येतो. फ्रेम उघडा, फोटो कोरड्या हवेशीर खोलीत दोन-तीन दिवस ठेवा (उन्हात नाही), मग तोंडाला मास्क लावून गच्चीत किंवा गॅलरीत मऊ ब्रशने हलकेच झटका. जुना माउंट आणि पाठीचा पुठ्ठा फेकून द्या, बुरशी त्यांत राहिलेली असते.

चिकटलेला फोटो ओढू नका. ब्लेड सारू नका. गरम हवा मारू नका. काचेसकट स्कॅन करा किंवा काचेतूनच सावलीत फोटो काढून घ्या, निदान चित्र तरी हाती राहील. मूळ फोटो मोलाचा असेल तर काचेसकटच जाणकाराकडे न्या. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. अशा कामाची शिकवण घेतलेली माणसं आपल्याच शहरात आहेत.

फ्रेम पुराच्या पाण्यात भिजली तर?

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरचे दोन आठवडे आमच्या दुकानात चिखलाने भरलेल्या फ्रेमा येत होत्या. एका बाईंना मी फोनवर सांगितलं, ‘आधी नीट वाळू द्या, मग घेऊन या.’ तो सल्ला चूक होता. लग्नाचा एकुलता एक फोटो फ्रेममध्येच वाळला आणि त्याचा थर काचेला कायमचा धरून बसला. ते अजून मनातून जात नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

भिजलेली फ्रेम ओली असतानाच, लगेच उघडा. फोटो काचेवर असेल तर दोन्ही मिळून स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवा, बहुतेक वेळा फोटो आपोआप सुटतो. चिखल पाण्याखालीच हलवून काढा, बोटाने चित्र चोळू नका. मग चित्राची बाजू वर करून टीपकागदावर किंवा स्वच्छ सुती कापडावर, पंख्याच्या थेट झोताबाहेर, सुकवा. फोटो पुष्कळ असतील आणि वेळ नसेल तर मधे बटर पेपर घालून पिशवीत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर सावकाश एकेक काढता येतात. हे सगळं दोन दिवसांच्या आत व्हायला हवं. इंकजेट प्रिंट मात्र पाण्यात बुडवू नका, काही शाया लगेच पसरतात.

पणजोबांचा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. पुठ्ठा काढून नवीन माउंट लावू?

नको. १९व्या शतकातले बहुतेक फोटो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या अगदी पातळ कागदावर असत. तो कागद गुंडाळी होतो, म्हणून स्टुडिओवालेच तो पुठ्ठ्यावर चिकटवून देत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्येच स्थापन झाली होती, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत असे फोटो निघतात. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव, पत्ता, नक्षी असते, तो त्या फोटोचाच भाग आहे. पुठ्ठा ठिसूळ झालेला असला तर मागे भक्कम ॲसिड-फ्री बोर्डाचा आधार द्या आणि माउंटची खिडकी मोठी कापून पुठ्ठ्यासकट दाखवा.

१९८०च्या आसपासचे रंगीत फोटो लाल का झाले?

त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग अल्बमच्या अंधारातही विरायचा, मागे तांबूस तेवढा राहायचा. फ्रेमने तो परत येत नाही. स्कॅन करून रंग बऱ्यापैकी सुधारता येतात, आणि ते काम लवकर केलं तर जास्त साधतं.

कॅनव्हास प्रिंटला काच लागते का?

नाही. पण वरून व्हार्निशचा थर लागतो, नाहीतर मुंबईची धूळ विणीत बसते.

पहिलंच प्रदर्शन आहे, वीस फ्रेमा हव्यात. कशा कराव्यात?

सगळ्या एकाच किंवा फार तर दोन मापांत करा. पट्टी साधी काळी किंवा फिकट लाकडी, अर्धा-पाऊण इंचाची. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल अशा टांगा. गॅलरीत टांगायची सोय खिळ्याची आहे की साखळीची, ते आधी जाऊन बघा. ॲक्रिलिक घ्या, ने-आण करताना काच हमखास फुटते. आणि फ्रेमवाल्याशी निदान महिनाभर आधी बोला.

फ्रेमवाल्याला यातलं काय कळतं, असं काही छायाचित्रकारांना वाटतं. त्यांना मी केकू गांधींची गोष्ट सांगतो. त्यांनी १९४१मध्ये मुंबईत केमोल्ड नावाने फ्रेमचा व्यवसाय सुरू केला, दुकानात नव्या चित्रकारांची चित्रं लावायला लागले, आणि १९६३मध्ये जहांगीर कला दालनाच्या इमारतीत गॅलरी केमोल्ड उघडली. या शहरातल्या आधुनिक चित्रकलेचा एक मोठा रस्ता फ्रेमच्या दुकानातून गेला आहे.

फ्रेम बंद करण्याआधी काही लिहावं का?

फोटोच्या मागे काही लिहू नका, बॉलपेनने तर मुळीच नाही, अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात. पाठीच्या बोर्डावर मऊ पेन्सिलीने लिहा : फोटोत डावीकडून कोण कोण आहे, कुठे काढला, साल कोणतं, मूळ फोटो की प्रत, आणि फ्रेम कधी केली. सासरच्या-माहेरच्या नावांपैकी दोन्ही लिहा. माझ्याकडे उघडायला येणाऱ्या जुन्या फ्रेमांत नाव असलेली बाई क्वचित सापडते, बहुतेक ठिकाणी ‘सौ.’ एवढंच असतं.